पाहुणा कोणत्या चौकापर्यंत?

तंजावरला गेलेल्या मराठीच्या माणसाला तेथून आणखी पुढे जावेसे सहसा वाटत नाही. सरस्वती महालातील मोडी कागद आणि बृहदीश्वराच्या प्राकारातील १८०३ सालचा भोसले वंशाचा शिलालेख एवढ्यावरच सुट्टी संपते. आम्हीही दोन वेळा तसेच परतलो होतो. (आम्ही म्हणजे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवणारे पतिपत्नी. हे सांगण्याचे कारण पुढे येईल.) तिसऱ्या खेपेस ग्रंथालय सलग तीन दिवस बंद राहणार होते, म्हणून पुदुक्कोट्टैमार्गे चेट्टिनाडात उतरलो आणि तीन रात्री एका जुन्या चौकाच्या घरात राहिलो. त्या घराचे आता अतिथिगृह झाले आहे. त्याचे नाव येथे देत नाही. आम्हांला जे म्हणायचे आहे ते त्या एका घरापुरते नाही, आणि आमची सरबराई तर त्यांनी उत्तमच केली.

चेट्टिनाड हे नकाशावरील एखाद्या जिल्ह्याचे नाव नव्हे. तमिळनाडूतील शिवगंगै आणि पुदुक्कोट्टै या जिल्ह्यांत पसरलेला हा गावांचा पुंजका आहे. परंपरेनुसार गावे ९६. आज त्यांतील सत्तरहून थोडी अधिक उरली आहेत. कारैकुडी हे त्यांतले मोठे शहर. कानाडुकात्तान, आत्तंगुडी, कोट्टैयूर, देवकोट्टै ही इतर प्रसिद्ध नावे. येथले मूळ धनी नाट्टुकोट्टै चेट्टियार, म्हणजे प्रदेशात किल्ल्यांसारखी घरे बांधणारे. ते स्वतःला नगरत्तार म्हणवतात. आपण कावेरीच्या मुखाशी असलेल्या पूम्पुहारहून येथे आलो, असे त्यांची परंपरा सांगते. ‘शिलप्पदिकारम्’मधील कोवलन हा त्याच पूम्पुहारचा व्यापारी, हे वाचकांना आठवेल. परंपरेचा ऐतिहासिक भाग किती हा वाद बाजूला ठेवू. परंतु ज्या समाजाच्या स्मृतीत बंदर आहे, त्याने समुद्रापासून दूर, पावसाच्या बाबतीत कंजूष असलेल्या लालसर मातीत हजारो प्रासाद उभारावेत, ही गोष्ट पहिल्याच दिवशी चमत्कारिक वाटते.

असल्या घरात पाऊल ठेवताच मराठी तोंडातून ‘वाडा’ हा शब्द आपोआप निघतो. आम्हीही पहिला दिवस भाषांतरातच घालवला. रस्त्यापासून उंच जोते, दाराच्या दोन्ही अंगांना घोटीव ओटे, त्यांना तिण्णै म्हणतात. मग बर्मी सागाची जाडजूड चौकट आणि तिच्या कपाळपट्टीवर कोरलेली गजलक्ष्मी. आत मुगप्पु, म्हणजे पुढची बैठकीची जागा. त्यापुढे वळवु: मोकळ्या आकाशाखालचा लांबट चौक, चारी बाजूंना खांबांची पडवी आणि पडवीच्या मागे दोन्ही हातांना खोल्यांच्या रांगा. त्यानंतर दुसरा कट्टु, जेथे पंगती बसत आणि धान्य साठे. मग तिसरा, चुलींचा आणि जात्यांचा. शेवटी मागचे दार, तेही थेट मागच्या गल्लीत उघडणारे. पुढच्या दारात उभे राहिले की एकामागून एक चौकटी ओलांडत नजर घराच्या पार पलीकडे जाते. देवडी, सदर, माजघर, परसू असे शब्द आम्ही एकेका जागेला लावत गेलो आणि ते जवळजवळ बसलेही.

‘जवळजवळ’ म्हणण्याचे कारण त्या खोल्या. वाड्यातील खोलीचे नाव बहुधा तिच्या उपयोगावरून पडते: देवघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली. वळवूच्या भोवतालच्या खोल्या माणसांच्या हिशेबाने असतात. विवाहित जोडपे म्हणजे एक पुळ्ळी. या तमिळ शब्दाचा अर्थ ठिपका. कुलदेवळाची वर्गणी पुळ्ळीवर बसते, घरातला हिस्सा पुळ्ळीचा, खोलीही पुळ्ळीची. मुलाचे लग्न झाले की कागदावर एक ठिपका वाढे आणि घरात एक दार त्या ठिपक्याच्या नावे होई. एका छपराखाली राहूनही नवे जोडपे यथावकाश आपला शिधा आणि आपली चूल वेगळी करी. एकत्र कुटुंब म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जी एकच मोठी चूल येते, तिला येथे छेद जातो. ही माणसे सावकारी करणारी होती. त्यांनी कुटुंबही खातेवहीसारखे रचले, प्रत्येकाचे पान वेगळे आणि पुठ्ठा एक. हे आम्ही उपहासाने म्हणत नाही. आपल्याकडील कित्येक घरे केवळ एका चुलीच्या हट्टापायी मोडली.

या खोल्यांचा उपयोग मुख्यतः साठवणीचा असे. लग्नात मुलीबरोबर येणारी भांडी, पेट्या, कापडचोपड त्यांत ठेवले जाई. रात्री जोडप्याला एकान्त मिळे. एरवीचे जगणे पडवीत, चौकाच्या काठाने. म्हणून त्या लहान, काळोख्या, बाहेरच्या बाजूला मोठी खिडकी नसलेल्या असत. आज पर्यटकाला उतरायला नेमक्या याच खोल्या दिल्या जातात. आम्ही उतरलो त्या घरात खोलीच्या आतल्या अर्ध्या भागात स्नानगृह बसवले होते, भिंतीवर वातानुकूलन यंत्र होते आणि दारावर एका फुलाचे नाव होते. जुन्या रचनेत परका मनुष्य तिण्णैवर बसे. व्यवहाराचा असला तर मुगप्पुपर्यंत येई. वळवूत तो लग्नाकार्यालाच शिरणार. आणि पुळ्ळीच्या खोलीत कधीच नाही. आज तो सरळ त्या खोलीत झोपतो, आणि तिण्णै दिवसभर रिकामी असते. इमारतीचा एक खांबही न हलवता घराचे व्याकरण पूर्ण उलटे झालेले आहे. संवर्धन या शब्दाचा अर्थ आम्ही वर्गात फार सैलपणे सांगत आलो, असे त्या रात्री वाटले.

घराच्या सौंदर्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, आम्ही ते आटोपते घेतो. भिंतीचा गिलावा चुना, शिंपल्यांची पूड, गूळ, हिरडा आणि अंड्यातील पांढरा बलक यांचे थर एकावर एक चढवून घोटलेला. हात फिरवला तर चिनी मातीच्या भांड्यासारखा गार लागतो. फरशा आत्तंगुडीच्या, काचेवर रंग ओतून, वर वाळू-सिमेंट भरून हाताने घडवलेल्या. त्या आजही त्या गावात बनतात. संगमरवर इटलीचा, आरसे बेल्जमचे, साग बर्मेचा. आमच्या यजमानांनी दिलेल्या सुबक पुस्तिकेत ही सगळी यादी होती. हे धन कोठून आले याविषयी तिच्यात एकच वाक्य होते: पूर्वज ‘समुद्रापारच्या व्यापारात’ होते.

व्यापार हा शब्द चुकीचा नाही. तो फार सभ्य आहे, इतकेच. ही घरे बहुतांशी १८५० ते १९४० या काळात उभी राहिली, आणि तोच काळ ब्रह्मदेशात नगरत्तारांच्या पतपेढ्या पसरण्याचा आहे. १८५२ साली इंग्रजांनी दक्षिण ब्रह्मदेश जिंकला. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि बर्मी तांदळाला युरोपची बाजारपेठ जवळ आली. इरावतीच्या मुखाकडील दलदल आणि जंगल तोडून बर्मी शेतकरी भातखाचरे काढू लागला. जेथे सुरुवातीस आठ लाख एकरांहून कमी जमीन लागवडीखाली होती, तेथे १९३० नंतरच्या दशकात ती ऐंशी लाखांच्या पुढे गेली. जंगल तोडायला, बैल घ्यायला, पीक हाती येईपर्यंत पोट भरायला लागणारा पैसा इंग्रजी बँका देत नव्हत्या. तो दिला चेट्टियारांनी. १९३० च्या सुमारास त्यांच्या सोळाशेंहून अधिक पेढ्या त्या देशात होत्या. रंगूनला मोगल स्ट्रीटवर त्यांचे ठाणे होते. आपसांतील व्याजाचा चालू दर तेथल्या मुरुगनाच्या देवळात दरमहा सभा भरवून ठरवला जाई. देवळात व्याजदर ठरतो याचे ज्यांना नवल वाटेल, त्यांनी डेव्हिड वेस्ट रुडनर यांचे या जातीच्या सावकारीवरचे १९९४ सालचे पुस्तक पाहावे; देवळाचा निधी आणि पेढीचे भांडवल ही तेथे एकाच प्रवाहाची दोन वळणे होती.

मग १९३० साली भाताचा भाव कोसळला. कर्ज जुन्या भावाने घेतलेले, फेड नव्या भावाने करायची. शेतकऱ्याजवळ देण्यासारखी एकच वस्तू राहिली, ती म्हणजे जमीन. दक्षिण ब्रह्मदेशातील तेरा प्रमुख भातजिल्ह्यांत १९३० साली चेट्टियारांच्या मालकीची जमीन शेकडा ६ होती. १९३८ पर्यंत ती शेकडा २५ झाली. आठ वर्षांत चौथा हिस्सा. त्यांना जमीन नकोच होती, रोख हवी होती, असा त्यांचा बचाव आहे, आणि तो खोटा नाही. जमिनीत अडकलेला पैसा सावकाराच्या दृष्टीने मेलेलाच असतो. पण ज्याचे शेत गेले त्याला हा फरक समजावून सांगण्यात काय अर्थ? बर्मी राष्ट्रवादाच्या मनात ‘चेट्टियार’ हे नाव तेव्हापासून जे बसले ते बसलेच. १९४२ साली जपानी फौजा आल्या. सुमारे पाच लाख भारतीय ब्रह्मदेशाबाहेर पडले, कित्येक डोंगरवाटांनी चालत, आणि हजारो वाटेतच मेले. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली तेथे जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला. १९६३ साली बँका, १९६४ साली दुकाने सरकारने घेतली. येथवर आल्यावर चेट्टिनाडच्या घरांना पैसा पुरवणारा झरा आटलेला होता. ज्यांनी वेळीच दुसरीकडे हात घातला ते तरले. चिदंबरम् चेट्टियार यांनी १० फेब्रुवारी १९३७ रोजी स्थापलेल्या इंडियन ओव्हरसीज बँकेची पहिल्याच दिवशी तीन गावी कार्यालये उघडली: मद्रास, कारैकुडी आणि रंगून. एका समाजाचा भूगोल त्या तीन नावांत येतो.

या पैशाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर आम्हीही पुस्तिकाच लिहिली असे होईल. परदेशी पेढीवर जाणारे सगळेच धनी नव्हते. बहुतेक मुनीम होते, पगारी, साधारण तीन वर्षांच्या बोलीने पाठवलेले. तेथे त्यांना प्रासाद नव्हता. एका लांब दालनात रांगेने चटया, प्रत्येकापुढे एक उतरते मेज आणि एक पेटी. तेथेच दुकान, तेथेच झोप. बायका सहसा बरोबर नेत नसत. म्हणजे ज्या काळात ही घरे सर्वांत भरलेली होती असे आपण समजतो, त्या काळातही त्यांत कर्ते पुरुष फार थोडे असत. हजारो चौरस फुटांच्या त्या घरात सासू, सुना, मुले, म्हातारे आणि नोकर. तीन वर्षांनी परतणाऱ्या पुरुषासाठी पुढचा दरवाजा असेल. घराचा रोजचा दरवाजा मागचा होता. पा. सिंगारम् यांच्या ‘पुयलिले ओरु तोणि’ (१९७२) या कादंबरीत युद्धकाळातील मलाया-सुमात्रेतील तमिळ पेढ्यांचे जग येते. ती कादंबरी तिकडच्या पुरुषांची आहे. इकडच्या वळवूतील स्त्रियांचे असे काही आमच्या तरी वाचनात आलेले नाही. तमिळच्या अभ्यासकांनी आमचे अज्ञान दूर करावे.

आता पाहुण्याविषयी. तीन रात्रींचे भाडे देताना आम्हांला एक गोष्ट टोचत होती, कारण येताना वाटेत आम्ही ओरत्तनाडूला थांबलो होतो. तेथे दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबेच्या नावाने बांधलेले छत्र आहे. तंजावरच्या मराठ्यांनी रामेश्वराच्या वाटेवर अशी छत्रे उभारली. वाटसरूला निवारा आणि अन्न फुकट, जात आणि ऐपत पाहून पंगत वेगळी, पण कोणालाही पैसा पडत नसे. ही राजाची दानबुद्धी झाली. परंतु नगरत्तारांनीही हेच केले. त्यांची छत्रे तीर्थाच्या वाटांवर होती. काशीत गोदौलियाजवळ त्यांचे छत्र आजही चालू आहे आणि तेथून विश्वनाथाच्या पूजेचे साहित्य रोज देवळात जाते. म्हणजे पाहुण्याला ठेवून घेण्याची संस्था या समाजाला नवी नव्हती. त्यांनी ती घराबाहेर, वेगळ्या इमारतीत, धर्मादाय म्हणून चालवली. घर मात्र मिटलेले राहिले. आज छत्राच्या जागी घर आले आणि धर्मादायाच्या जागी दरपत्रक. छत्र चालवायला बर्मेचे व्याज होते. घर चालवायला आता पाहुण्याशिवाय काहीच नाही. कौलांची डागडुजी, सागाला लागणारी वाळवी, चौकातील पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळी, हा वर्षाचा खर्च ऐकला तेव्हा आमचे भाडे आम्हांला जास्त वाटेनासे झाले. आम्ही हे भाडे दिले नाही तर घर काय करते, याचे उत्तर कारैकुडीच्या मुनीश्वरन् कोविल रस्त्यावरील जुन्या वस्तूंच्या दुकानांत मिळते. तेथे खांब आहेत, चौकटी आहेत, पितळी भांडी, रंगवलेल्या तसबिरी, मुनिमांची उतरती मेजे आहेत. पाडलेले घर तेथे किलोवर आणि नगावर विकले जाते.

(सगळेच असे विकले गेले नाही. कोट्टैयूरच्या रोजा मुत्तय्या यांनी आयुष्यभर जमवलेल्या सुमारे एक लाख तमिळ पुस्तके, नियतकालिके आणि नाटकांच्या जाहिरातींचा संग्रह त्यांच्या १९९२ मधील निधनानंतर शिकागो विद्यापीठाने घेतला. त्यातून १९९४ साली चेन्नईत त्यांच्या नावाचे संशोधन ग्रंथालय उभे राहिले. चेट्टिनाडातून बाहेर पडलेल्या वस्तूंत आम्हांला हाच ऐवज सर्वांत मोलाचा वाटतो. पण आम्ही मास्तर, आम्हांला वाटणारच.)

अशी अतिथिगृहे कोठे होतात, हेही पाहण्यासारखे आहे. राजस्थानात शेखावाटीच्या हवेल्या. मालक कलकत्त्याला गेले, हवेल्या उरल्या. मोरोक्कोत मराकेशचे रियाद; सुखवस्तू कुटुंबे जुन्या शहरातून नव्या वस्तीत गेली. सगळीकडे आधी घर रिकामे झाले, मग पाहुणा आला. पुण्यात असे फारसे का घडले नाही, याचे उत्तर येथे सापडते असे आम्हांला वाटते. आपले वाडे रिकामे झालेच नाहीत. ते भाडेकरूंनी भरले. पेशवाई गेल्यावर उत्पन्न आटलेल्या मालकाने एकेक खण भाड्याने दिला. १९४७ चा जो कायदा आला त्याच्या नावातच भाड्याबरोबर हॉटेल आणि लॉजिंग हाऊस यांचेही दर होते! त्याने भाडी गोठली, चौकात दहा बिऱ्हाडांचे दहा नळ आले, दुरुस्ती कोणी करायची हा तंटा कोर्टात गेला. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठचे वाडे झोपवले. उरलेले बांधकाम व्यावसायिकाची वाट पाहत उभे राहिले. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तील वाडा विदर्भातला, त्याची कथा वेगळी, तरी तेथेही प्रश्न वाटणीचा आणि खर्चाचाच आहे, हे आम्ही दर वर्षी वर्गात सांगतो. चेट्टिनाडात उलट झाले. प्रत्येक पुळ्ळीचा हिस्सा कायम, म्हणून कोणा एकाला घर विकता येत नाही. सगळ्यांच्या सह्या जुळवायला चेन्नई, क्वालालंपूर, न्यू जर्सी असा फेरा. त्यामुळे काही घरे पडेपर्यंत तशीच राहिली, काही टिकली. २०१४ साली चेट्टिनाडच्या गावांची नोंद जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाली. तिचे श्रेय अंशतः या न जुळणाऱ्या सह्यांना द्यायला हवे.

आणि ‘समुद्रापारच्या व्यापारा’ला हसताना हेही कबूल केले पाहिजे की आपल्या वाड्यांवरील निळ्या पाट्यांवरही कोणत्या गावांच्या वसुलीतून ते चिरे चढले हे लिहिलेले नसते.

आता आमच्या ‘पतिपत्नी’ असण्याचा संबंध. दुसऱ्या संध्याकाळी चौकाच्या काठावर बसलो असताना स्वयंपाकघरातील मुलगी येऊन म्हणाली, आच्ची बोलावतात. नगरत्तार स्त्रीला आच्ची म्हणतात. मालकांपैकी एका पुळ्ळीच्या या वृद्ध बाई तिसऱ्या कट्टुमधील दोन खोल्यांत राहतात, हे आम्हांला तोवर ठाऊक नव्हते. पुस्तिकेत त्या नव्हत्या. आम्ही दोघेही उठलो. मुलीने आमच्यापैकी एकाला अगदी नम्रपणे सांगितले, ‘सर, तुमचा चहा इथेच आणते.’ आणि दुसरीला घेऊन ती आत गेली. आम्ही दिवसभर जे व्याकरण उलटे झाले म्हणत होतो, ते घराच्या मागच्या भागात अजून सुलटेच होते. पैसे देऊन पुळ्ळीच्या खोलीत झोपलेला पुरुष दुसऱ्या कट्टुच्या उंबऱ्यावर थांबला. पुढचे जे लिहीत आहोत, ते एकीने ऐकलेले आणि दुसऱ्याला सांगितलेले आहे.

आच्चींचे वय पंच्याऐंशीच्या आसपास. मुलगी तमिळचे इंग्रजी करून देत होती. मुले किती, माहेर कोठले, नोकरीतला पगार स्वतःजवळ ठेवतेस की घरात देतेस, हे क्रमाने विचारून झाले. ‘स्वतःजवळ’ हे उत्तर पसंत पडले. त्यांच्या पिढीतील सुनेचा पैसाही तिचाच असे. हुंड्याची रक्कम पेढीत ठेव म्हणून जाई आणि तिच्या नावे व्याज चढे. आच्चींचे पैसे, आच्चीमार पणम्, हे पेढीच्या भांडवलाचे एक खातेच होते, हे आम्ही रुडनर यांच्या पुस्तकात वाचले होते. आता ते खातेदाराच्या तोंडून ऐकले. मग कोणत्या खोलीत उतरलात, असा प्रश्न आला. फुलाचे नाव सांगितले, ते त्यांना कळेना. ‘डाव्या हाताची तिसरी’ म्हटल्यावर उमज पडली. ती त्यांच्या मधल्या दिरांची. तीत कोणी कायम राहिलेच नाही, तीत भांडी राहिली.

‘दिवसाचे काय घेतात?’ आकडा सांगितला. आच्चींनी तो खोल्यांनी गुणला, महिन्याने गुणला, पावसाळ्याचे महिने वजा केले, मुलीला काहीतरी म्हणाल्या. मुलगी हसू दाबत म्हणाली, ‘आच्ची म्हणतात, भांडवलाच्या मानाने कमी आहे.’

त्यांचे वडील बर्मेत होते. परतले तेव्हा आच्ची चार-पाच वर्षांच्या. त्यांना आठवते ते एवढेच की आलेल्या माणसाला आई ओळखते आणि आपण ओळखत नाही. तिकडच्या जमिनींचे कागद ते सोबत घेऊन आले होते. पुढे वीस वर्षे ते कागद मद्रासच्या वकिलांकडे जाऊन येऊन होते. माहेरचे घर मोडले तेव्हा आच्चींनी ती पेटी इकडे आणली. पेटी आहे कोठे? पुढेच, वळवूत, तुमच्या शेजारच्या खोलीत. ‘फरशा बघायला सगळे येतात,’ त्या म्हणाल्या, ‘पेटीचे कोणी विचारत नाही.’

शेजारच्या दारावर तीन कुलपे होती. ती आम्ही पहिल्याच दिवशी पाहिली होती आणि त्यांचा फोटोही काढला होता, जुने पितळ म्हणून. मोडी कागदांच्या मागे शेकडो मैल आलेले आम्ही तीन रात्री एका पेटीपासून भिंतीच्या अंतरावर झोपलो. त्या कागदांवर एका बाजूला चेट्टियार पेढीचे नाव असेल; दुसऱ्या बाजूला कोणा बर्मी शेतकऱ्याचे, त्याच्या गावाचे, त्याच्या एकरांचे. त्या शेतकऱ्याचे नाव इतरत्र कोठे लिहिलेले आहे की नाही, कोणास ठाऊक. पाहायला मिळेल का, म्हणून विचारले. तीन कुलपांच्या तीन किल्ल्या तीन पुळ्ळींकडे. एक चेन्नईत, एक क्वालालंपूरला, एक आच्चींच्या कमरेला. एकटीची किल्ली उपयोगाची नाही.

चौथ्या दिवशी सकाळी निघालो. मुगप्पुत मुनिमाचे जुने उतरते मेज स्वागतकक्ष म्हणून मांडले आहे. त्यावरच पावती लिहून मिळाली. पुन्हा येणार असाल तर आधी कळवा, असे व्यवस्थापक म्हणाले. तै महिन्यात घरात लग्न आहे. सगळ्या पुळ्ळी येतील, आणि ते आठ दिवस बाहेरच्या कोणालाही खोल्या दिल्या जाणार नाहीत.